बूटेबल पेनड्राइव्ह बनवला, पण कॉम्प्युटर त्यावरून सुरूच होत नाही? या क्रमाने तपासा

विंडोज किंवा लिनक्स नव्याने टाकायला घेतलं की प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन तासाभराच्या आत उरकतं. दिवस जातो तो पेनड्राइव्हपायी. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि तक्रार जवळजवळ दर वेळी याच शब्दांत येते: "पेनड्राइव्ह नीट बनवलाय, तीनदा बनवून झाला, तरी कॉम्प्युटर त्यावरून सुरू होत नाही."

त्या 'तीनदा'मध्येच गोम असते. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू व्हायचा तर तीन गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात: डाउनलोड केलेली आयएसओ फाइल, ती पेनड्राइव्हवर ज्या पद्धतीने लिहिली ती मांडणी, आणि तो कॉम्प्युटर ज्या पद्धतीने बूट होतो ती पद्धत. यातली एक बिनसली की उरलेल्या दोन कितीही चोख असल्या तरी गाडी पुढे सरकत नाही. कोणती बिनसलीय हे न बघता पेनड्राइव्ह पुन्हा बनवला तर पहिल्यांदा झालेली चूकच पुन्हा होते. म्हणून आधी तपासा, मग बनवा.

त्याहीआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. बूटेबल बनवताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आणि इन्स्टॉलेशन करताना एक चुकीचं बटण दाबलं तर कॉम्प्युटरच्या डिस्कवरचंही सगळं जातं. फोटो, कागदपत्रं, हिशेब, जे काही परत मिळणार नाही ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि तिथून एक-दोन फाइली उघडून बघा. उघडून बघितला नाही तो बॅकअप मी धरत नाही.

लक्षणं: तुमचा कॉम्प्युटर नेमकं काय करतोय?

'चालत नाही' या दोन शब्दांत किमान सात वेगवेगळे दोष लपलेले असतात. स्क्रीनवर काय दिसतं ते नीट वाचा, जमलं तर मोबाइलने फोटो काढून ठेवा.

- बूट मेन्यूत (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीत) पेनड्राइव्हचं नावच येत नाही, किंवा मेन्यूच उघडत नाही आणि जुनं विंडोज सुरू होतं.
- नाव येतं, निवडलं की काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. कधी 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' असा संदेश.
- 'सिक्युअर बूट व्हायोलेशन' किंवा 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून कॉम्प्युटर तिथेच थांबतो.
- इन्स्टॉलर सुरू होतो, पण 'ड्रायव्हर सापडत नाही' म्हणतो किंवा कुठे टाकायचं त्या यादीत डिस्कच दिसत नाही.
- डिस्क दिसते, पण तिच्यावर एमबीआर पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागणीची जुनी मांडणी) असल्यामुळे विंडोज टाकता येणार नाही असं खाली लिहून येतं.
- फाइली कॉपी होताना मध्येच अडकतं किंवा एरर कोड देऊन बंद पडतं.
- सगळं कॉपी होतं, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि पुन्हा भाषा निवडायच्या पहिल्या पानावर येतो.

शेवटच्या लक्षणाचा निकाल इथेच लावतो, कारण तो दोष नाहीच. पहिल्या रीस्टार्टनंतर कॉम्प्युटरने डिस्कवरून सुरू व्हायचं असतं. बूट क्रमात पेनड्राइव्ह वर असल्यामुळे तो परत त्याच्यावरूनच सुरू झाला. बंद करा, पेनड्राइव्ह काढा, चालू करा. इन्स्टॉलेशन जिथे थांबलं होतं तिथून पुढे जाईल.

पोर्ट, की आणि नीट 'बंद' न होणारा कॉम्प्युटर

आता फुकटात होणाऱ्या गोष्टी. पेनड्राइव्ह हब किंवा एक्स्टेन्शन वायरीत असेल तर काढून थेट कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला, मदरबोर्डवरच असलेल्या पोर्टमध्ये. पुढचे पोर्ट आतल्या वायरीने जोडलेले असतात. ती वायर सैल असली तर पेनड्राइव्ह दिसतो, पण मोठी फाइल वाचताना तुटतो. जुनं मशीन असेल तर निळ्या पोर्टऐवजी काळ्या पोर्टमध्ये लावून बघा. विंडोज ७ २००९ सालचं आहे, त्याच्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हरच नाहीत. निळ्या पोर्टमध्ये लावलं की इन्स्टॉलर सुरू होऊनही पुढे ड्रायव्हर मागत बसतो. आणि हे लक्षात ठेवा की नव्या विंडोजमध्येही 'मीडिया ड्रायव्हर मिसिंग' हा संदेश पुष्कळदा ड्रायव्हरबद्दल नसतोच. पेनड्राइव्हवरची फाइल नीट वाचता आली नाही की इन्स्टॉलर हेच वाक्य टाकतो. ते वाचून ड्रायव्हर शोधत फिरण्याआधी पोर्ट बदला.

बूट मेन्यूची की कंपनीगणिक वेगळी आहे. डेल आणि लेनोव्होमध्ये सहसा एफ१२, एचपीमध्ये एफ९ किंवा आधी एस्केप, एसुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप आणि मदरबोर्डवर एफ८, एमएसआयमध्ये एफ११, गिगाबाइटमध्ये एफ१२. एसरमध्येही एफ१२ आहे, पण काही मॉडेलमध्ये तो मेन्यू आधी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. पॉवर बटण दाबल्या दाबल्या ती की टकटक दाबत राहा. लोगो दिसायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. लॅपटॉपमध्ये याच कींवर आवाज आणि प्रकाश कमी-जास्त करायची कामं असतात, तेव्हा एफएन दाबून ठेवूनही एकदा करून बघा.

तरीही मेन्यू उघडत नसेल तर कारण बहुधा फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा डिस्कवर साठवून झोपतं आणि चालू करताना तोच उचलून आणतं. त्या घाईत की दाबायला वाव उरत नाही. यावर दोन उपाय आहेत. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, म्हणजे ते खरोखर बंद होईल. किंवा शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' निवडा. मी स्वतः दुसरा उपाय आधी वापरतो, कारण त्यात की शोधायचीच गरज पडत नाही, आणि त्या यादीत पेनड्राइव्ह आला की कॉम्प्युटरला तो दिसतोय हेही आपोआप कळतं.

पेनड्राइव्ह उघडा आणि आत काय आहे ते बघा

अर्ध्या मिनिटाचं काम, पण फार कमी लोक करतात. चालू कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावा आणि फोल्डर उघडा.

आत एकच मोठी आयएसओ फाइल पडलेली दिसली तर दोष सापडला. फाइल कॉपी केली म्हणजे पेनड्राइव्ह बूटेबल होत नाही. आयएसओ म्हणजे अख्ख्या डीव्हीडीचं एका फाइलमध्ये केलेलं चित्र. कॉम्प्युटर सुरू होताना फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, फक्त ठरलेल्या जागी बघतं: जुन्या पद्धतीत पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये, नव्या युईएफआय पद्धतीत 'ईएफआय' फोल्डरच्या आतल्या 'बूट' फोल्डरमधल्या 'बूटएक्स६४' या फाइलकडे. आयएसओच्या पोटात शिरून शोधणं त्याला येत नाही. अपवाद व्हेन्टॉय या साधनाचा. ते आधी पेनड्राइव्हवर बसवलं असेल तर आयएसओ नुसती कॉपी केलेली चालते, कारण पोटात शिरायचं काम ते स्वतः करतं.

विंडोजचा नीट बनलेला पेनड्राइव्ह कसा दिसतो? 'बूट', 'ईएफआय', 'सोर्सेस', 'सपोर्ट' असे फोल्डर, बाहेर 'बूटएमजीआर' आणि 'सेटअप' या फाइली. 'सोर्सेस'मध्ये गेलात की 'इन्स्टॉल' नावाची, काही जीबींची एक भली मोठी फाइल. ती नसेल किंवा शंभर-दोनशे एमबीचीच असेल तर लिहिणं अर्धवट राहिलंय. उबंटूच्या पेनड्राइव्हमध्ये 'बूट' आणि 'ईएफआय'बरोबर 'कॅस्पर' नावाचा फोल्डर दिसतो.

कधी मात्र पेनड्राइव्ह लावताच विंडोज म्हणतं, 'आधी फॉरमॅट करा'. लिनक्सची आयएसओ जशीच्या तशी, बाइटला बाइट लिहिली असेल तर हे साहजिक आहे. ती मांडणी विंडोजला वाचता येत नाही, कॉम्प्युटरला बूट करताना येते. घाबरून फॉरमॅटवर क्लिक केलं की चांगला बनलेला पेनड्राइव्ह तुम्हीच पुसता. 'कॅन्सल' करा आणि बूट करून बघा.

इथेच एक मोठा घोळ सांगायला हवा. एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. बेलेना एचर या साधनाने विंडोजची आयएसओ लिहिली होती, शेवटी पडताळणीही पूर्ण झाली होती, आणि तरी कुठलाच कॉम्प्युटर त्यावरून सुरू होईना. त्याने काही चुकवलं नव्हतं, हत्यार चुकलं होतं. बहुतेक लिनक्सच्या आयएसओ अशा बांधलेल्या असतात की जशाच्या तशा पेनड्राइव्हवर ओतल्या तरी चालतात. विंडोजच्या आयएसओची बांधणी डीव्हीडीसाठीची आहे, तिला पेनड्राइव्हला लागणारं पार्टिशन टेबलच नसतं. एचर लिहिण्याआधी तसा इशारा देतं, पण 'कंटिन्यू' दाबून लोक पुढे जातात. विंडोजसाठी रूफस, व्हेन्टॉय किंवा मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मीडिया क्रिएशन टूल वापरा. लिनक्ससाठी एचर उत्तम, रूफसही चालतं; रूफसने पद्धत विचारली तर आधी ते सुचवतं तीच घ्या, नाही चालली तरच डीडी मोड (जशीच्या तशी लिहायची पद्धत) घ्या.

आणि लिहून झाल्या झाल्या पेनड्राइव्ह उपटू नका. विशेषतः लिनक्सवर डीडी कमांडने लिहिताना कमांड संपलेली दिसते, तरी बराच मजकूर अजून मेमरीत असतो. 'सिंक' कमांड चालवा, ती परत येईपर्यंत थांबा आणि मगच काढा.

एकच प्रयोग करणार असाल तर हा करा

पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बूट करून बघा. काही इन्स्टॉल करायचं नाही, फक्त पहिलं पान येतं का एवढं बघायचं आणि बंद करायचं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर पान आलं तर बूट होण्यापुरता पेनड्राइव्ह ठीक आहे, सुरूच न होण्याचा दोष तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे. पुढचे दोन भाग सोडून थेट युईएफआयच्या भागाकडे जा; फाइली कॉपी होताना अडकत असेल तर मात्र ते दोन भागही वाचा. दुसरीकडेही आलं नाही तर तुमच्या कॉम्प्युटरच्या बायोसला हातसुद्धा लावू नका, दोष पेनड्राइव्हकडे आहे. लोक नेमकं उलट करतात: दोष फाइलमध्ये असताना बायोसमधली पाच-सहा सेटिंग बदलून ठेवतात, आणि मग फाइल नीट मिळाली तरी कॉम्प्युटर सुरू होत नाही. आता एकाचे दोन दोष झाले. हा प्रयोग मी कधीच टाळत नाही.

फक्त दुसरा कॉम्प्युटर साधारण त्याच काळातला घ्या. आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपवर नेहमीचा एक्स६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीचा) पेनड्राइव्ह सुरू होणार नाही. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवरही नाही. तिथे तो न चालणं हा पुरावा नव्हे.

आयएसओ फाइल पूर्ण उतरलीय का?

डाउनलोड मध्येच तुटून पुन्हा जोडलं गेलं तर फाइलचा आकार बरोबर दिसतो, पण आत कुठेतरी काही बाइट्स बिघडलेले असतात. त्यामुळे बूट होतं आणि मग ऐन कॉपी होताना ८००७०५७० सारखा कोड येतो. त्या कोडचा अर्थच 'फाइल खराब आहे' असा आहे.

पडताळायला एसएचए-२५६ वापरतात. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून ६४ अंक-अक्षरांची एक खूण काढली जाते. एक बाइट जरी बदलला तरी खूण पार वेगळी येते. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून 'गेट-फाइलहॅश' ही कमांड द्या, लिनक्समध्ये 'एसएचए२५६सम'. आलेली खूण अधिकृत डाउनलोड पानावरच्या खुणेशी ताडा. मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ च्या आयएसओच्या खुणा देते, लिनक्सची जवळजवळ सगळी वितरणं (उबंटू, फेडोरा असे प्रकार) देतात. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली की फाइल नीट उतरलीय हे समजायला पुरे.

हे फक्त बिघाडासाठी करायचं नाही. कुठल्या तरी तिसऱ्याच जागेवरून उतरवलेली 'हलकी केलेली' विंडोजची आयएसओ मी हातात घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये. तिच्यात कोणी काय घातलंय हे तपासायला ताडून बघण्याजोगी खूणच नसते, आणि पुढे त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचे व्यवहार करणार असता.

पेनड्राइव्ह स्वतःच खोटा किंवा थकलेला

विंडोजला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. आकार मात्र बाहेर छापलेला आणि आत असलेला एकच असेल असं नाही. एकीने आणलेला पेनड्राइव्ह ६४ जीबीचा म्हणून घेतलेला होता, विंडोजही ६४ दाखवत होतं. आयएसओ तीनदा नव्याने उतरवून झाली होती, दर वेळी इन्स्टॉलेशन निराळ्याच ठिकाणी बंद पडायचं. एच२टेस्टडब्ल्यू चालवलं. हे साधन पेनड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून बघतं. ८ जीबीच्या आसपासपर्यंत सगळं ठीक, त्यापुढचं सगळं गायब. आतली चिप ८ जीबीचीच होती, फक्त तिला ६४ सांगायला शिकवलेलं. मर्यादेपलीकडे लिहिलेली फाइल कुठेच साठत नाही, आणि कॉपी करताना कुणी तक्रारही करत नाही.

लिनक्सवर हेच काम एफ३ करतं. रूफसमध्येही खराब ब्लॉक तपासायची सोय आहे, ती निवडली तर वेळ बराच लागतो. चाचणीत एकही चूक आली तर पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. दुरुस्त होत नाही, आणि बाकी फाइलींसाठीही वापरू नका.

युईएफआय की लेगसी: मांडणी जुळत नाही तेव्हा

इथून कामं थोडी किचकट होतात. जुने कॉम्प्युटर लेगसी बायोस पद्धतीने बूट होतात आणि डिस्कवर एमबीआर मांडणी मागतात. नवे युईएफआयने होतात आणि त्यांची जोडी जीपीटीशी आहे. मधल्या काळातल्या बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही असतात. सीएसएम नावाचं सेटिंग चालू असलं की युईएफआय मशीन जुन्या पद्धतीचं सोंग घेतं.

बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत असेल तर नीट वाचा. एका नावाआधी 'युईएफआय' लिहिलेलं असतं, दुसऱ्याआधी नसतं. कॉम्प्युटर २०१३-१४ नंतरचा असेल तर 'युईएफआय' लिहिलेलं निवडा. चुकून दुसरं निवडलं तर इन्स्टॉलर सुरू होतोही, पण लेगसी पद्धतीने, आणि मग काळा पडदा किंवा डिस्कबद्दलच्या तक्रारी सुरू होतात. रूफसमध्ये पेनड्राइव्ह बनवताना नव्या मशीनसाठी 'जीपीटी' आणि 'युईएफआय' निवडा, खूप जुन्यासाठी 'एमबीआर' आणि 'बायोस'.

फाइल सिस्टिमचाही एक तिढा आहे. युईएफआय फर्मवेअरला खात्रीने वाचता येते ती एफएटी३२. पण एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, आणि हल्लीच्या विंडोजच्या आयएसओतली ती 'इन्स्टॉल' फाइल ४ जीबीच्या वर जाते. हाताने पेनड्राइव्ह फॉरमॅट करून फाइली ओढून टाकणारे इथे अडकतात. एफएटी३२ केला तर ती फाइल जात नाही, एनटीएफएस केला तर बरेच कॉम्प्युटर बूट करत नाहीत. रूफस यातून वाट काढतं ती अशी: मोठा भाग एनटीएफएस ठेवतं आणि शेवटी एक चिमुकलं पार्टिशन जोडून त्यात एनटीएफएस वाचायचा ड्रायव्हर ठेवतं. ते चिमुकलं पार्टिशन निरुपयोगी समजून पुसू नका. मायक्रोसॉफ्टचं टूल फाइलच दाबून ४ जीबीच्या आत बसवतं. म्हणून माझा सल्ला असा की हाताने फाइली ओढायच्या फंदात पडू नका, या साधनांनाच ते काम करू द्या.

आता तो 'एमबीआर असलेल्या डिस्कवर टाकता येत नाही' हा संदेश. याचा अर्थ पेनड्राइव्ह युईएफआयने बूट झालाय आणि तुमची डिस्क जुन्या मांडणीची आहे. डिस्कवरचं काहीच नको असेल तर इन्स्टॉलरमध्येच तिची सगळी पार्टिशनं काढून मोकळ्या जागेवर टाका. इन्स्टॉलर आपोआप जीपीटी करतो. डेटा हवा असेल तर थांबा. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता मांडणी बदलतं, पण बॅकअपशिवाय तेही चालवू नका.

विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनाची 'क्लीन' कमांड सुचवणारे पुष्कळ भेटतील. ती निवडलेली डिस्क अख्खी पुसते आणि दुसऱ्यांदा विचारत नाही. आधी 'लिस्ट डिस्क' द्या आणि आकार वाचा. ४७६ जीबी दिसतेय ती तुमची डिस्क, १४ जीबी दिसतोय तो पेनड्राइव्ह. घाईत 'डिस्क १' ऐवजी 'डिस्क ०' लिहिलं गेल्याने वर्षानुवर्षांचे फोटो गेलेले मी पाहिलेत. दोन्हींचे आकार सारखे असतील आणि खात्री होत नसेल तर एन्टर दाबू नका. बाकीच्या डिस्क काढून ठेवा आणि मग करा.

सिक्युअर बूट, आणि त्याला हात लावण्याआधी बिटलॉकर

सिक्युअर बूट म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना बूट फाइलवरची डिजिटल सही तपासणारं सेटिंग. विंडोजच्या अधिकृत पेनड्राइव्हला ते बंद करावं लागत नाही. उबंटू, फेडोरा आणि २०१९ मधल्या डेबियन १० पासून पुढचं डेबियन यांच्याही बूट फाइली सही केलेल्या असतात. आर्च लिनक्सच्या अधिकृत आयएसओला मात्र ते चालत नाही. व्हेन्टॉय पहिल्यांदा लावल्यावर निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवायला लावतं, तेवढं एकदाच करायचं.

जुनी लिनक्स आयएसओ काल-परवापर्यंत चालत होती आणि अचानक 'एसबीएटी'बद्दलची ओळ दाखवून बंद पडली, तर बिचकू नका. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, त्रुटी असलेल्या लिनक्स बूट फाइलींना नकार द्यायला सुरुवात केली. त्याच वितरणाची ताजी आयएसओ घ्या, चालेल. काही नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांच्या सह्या मानायचं सेटिंग मुळातच बंद असतं. बायोसमध्ये 'थर्ड पार्टी' असा उल्लेख असलेलं ते सेटिंग चालू केलं की लिनक्स सुरू होतं, सिक्युअर बूट बंद करायची गरज राहत नाही.

सिक्युअर बूट बंद करायचंच ठरवलं तर आधी बिटलॉकर बघा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल आणि तुम्ही बूटची सेटिंग बदलली, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. आपल्या लॅपटॉपवर हे कुलूप आहे हेच अनेकांना माहीत नसतं. २०२४ च्या विंडोज ११ पासून मायक्रोसॉफ्ट खातं वापरून नवं विंडोज टाकलं की ते बहुतेक मशीनवर आपोआप लागतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का पाहा, रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून खात्री करा, कागदावर उतरवा आणि मगच बायोसमध्ये जा. आणि आधीच बदल करून बसला असाल आणि निळा पडदा ४८ अंक मागतोय, तर फॉरमॅट मारू नका. बायोसमध्ये परत जाऊन बदललेलं सेटिंग होतं तसं करा. बहुतेक वेळा विंडोज ती की न मागता उघडतं.

इन्स्टॉलर सुरू झाला, पण डिस्कच दिसत नाही

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये हे सर्रास होतं. तिथे डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसेल तर यादी कोरी दिसते. डिस्क मेली असं समजून नवी विकत घेऊ नका. आधी बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत पानावरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवा, उलगडून पेनड्राइव्हवरच एका फोल्डरमध्ये ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा. यादी भरते.

व्हीएमडी बायोसमधूनच बंद करायचा सोपा मार्गही लोक सांगतात. नवं विंडोज टाकायचं असेल तर तो चालतो. पण डिस्कवर जुनं विंडोज असेल आणि ते वापरायचं असेल, तर तसं केल्यावर ते सुरू होणार नाही.

बायोसमध्येही डिस्क दिसत नसेल तर हा पेनड्राइव्हचा विषय राहिला नाही.

सगळं बरोबर असून मध्येच बंद पडतं

पेनड्राइव्ह दुसरीकडे चालतो, आयएसओची खूण जुळते, पोर्ट बदलून झाला, आणि तरी दर वेळी निराळ्याच टक्क्यावर ८००७०२५डी किंवा तसलाच कोड. आता संशय रॅमवर. इन्स्टॉलर फाइल पेनड्राइव्हवरून वाचून रॅममध्ये उलगडतो आणि मग डिस्कवर लिहितो. रॅमचा एक तुकडा चुकला की चांगली फाइलही बिघडून उतरते. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून किमान एक पूर्ण फेरी चालवा. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून ते युईएफआयवरही चालतं. लाल रंगात एकही ओळ आली तर रॅम दोषी. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पुन्हा चालवा. दर वेळी एकाच टक्क्यावर अडकत असेल तर मात्र आधी आयएसओ पुन्हा पडताळा आणि नंतर डिस्कचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फोने बघा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे न्या

डिस्कमधून टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू केल्याने डेटा परत मिळायची शक्यता कमी होते, आणि हे काम नेहमीच्या दुरुस्तीवाल्याचं नाही, डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचं आहे. बिटलॉकरची की कुठेच सापडत नसेल आणि आतला डेटा हवा असेल तर इन्स्टॉलेशन सोडा. की नसताना तो उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बायोसला पासवर्ड असेल आणि मशीन कंपनीचं किंवा कॉलेजचं असेल तर त्यांच्या आयटी विभागाकडेच जा. रॅम बोर्डला जोडून टाकलेली असेल आणि मेमटेस्ट लाल दाखवत असेल, बायोस अपडेट अर्धवट राहिल्याने मशीन काहीच दाखवत नसेल, किंवा बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं असेल, तर स्वतः उघडू नका.

नेताना पेनड्राइव्ह सोबत न्या. स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो, लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, कोणती आयएसओ आणि कोणत्या साधनाने लिहिली, बायोसमध्ये काय काय बदललं, हे एका कागदावर लिहून द्या. आणि डिस्कवरचा डेटा हवाय की नको, हे मशीन त्यांच्या हातात देण्याआधी सांगा आणि पावतीवरही लिहून घ्या.